बरगड्यांची पेटी

नव्या स्पीकरला पेटी नव्हती. छातीवर चकती चिकटवली की ऐकणाऱ्याच्या बरगड्यांचीच पेटी व्हायची.

हेरंबराव डोळे मिटून पखवाज ऐकत होते. मृदुलाताईंनी सहज नवऱ्याची नाडी धरली, तर ती पखवाजाच्या थापेबरोबर चालत होती. थाप लांबली की नाडीही ताटकळायची.

"अहो, काढा बघू ती चकती."

"सकाळी काढली तर जीव घाबरा झाला. असा घुमारा लाकडी खोक्यात यायचा नाही. थांब, तिहाई आली."

एकच तुकडा तीनदा वाजणार आणि वादन संपणार, हे मृदुलाताईंना ठाऊक होतं.

पहिल्यांदा वाजून झाला. त्या घाईघाईने मोबाईलवर वादन पुन्हा सुरू करायचं बटण शोधू लागल्या.

दुसऱ्यांदा वाजून झाला. चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता.