एका पायावर

"तोल सावरायचे व्यायाम फोनवर होत नसतात ताई, जवळ धरायला माणूस लागतो," असं फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी बजावलं होतं. पण तान्हं लेकरू कडेवर घेऊन शहरातल्या सिडकोतून रोज गावाकडं, पिशोरला आईकडं कोण जाणार, म्हणून प्रेरणानं ते कानाआड केलं.

अर्धांगाच्या झटक्यातून उठलेली तिची आई, आवडाबाई, सकाळी व्यायामासाठी न चुकता व्हिडिओ कॉलवर यायची.

"कशाला धरलं नाय ना, माय?"

"नाय गं. एका पायावर उभी हाय, बघ की."

पडद्यावरचा चेहरा जरासुद्धा हलत नसे. तरी प्रेरणाच्या जिवाला चैन नव्हती.

"जराबी डुलत कशी नाहीस तू?"

"तू डुलतीस तेवढं पुरं. लेकराकडं बघ."

आज हे बोलणं चालू असतानाच शेजारच्या गीताबाई चहा घेऊन आल्या आणि आईला खेटून उभ्या राहिल्या. आईच्या तोंडाशेजारी प्रेरणाला दिसली ती गीताबाईंची कंबर. आई खुर्चीत बसलेली होती, आणि चेहरा रोजच्याइतकाच स्थिर होता.


तुमच्या आईला आत्ता व्हिडिओ कॉल लावा आणि एवढंच म्हणा, "फोन जरा लांब ठेव, मला तुझे पाय बघायचेत."