शेजारच्या घरावर नजर

मॅक्सीननं तिसरी बॅग गाडीच्या डिकीत कोंबली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हर्नानं ते पाहिलं.

शेजारीण मॅक्सीन ही काही साधीसुधी बाई नव्हती. तिचा नवरा लाइल पेंटागॉनमध्ये अणुयुद्धाच्या योजना आखायचा. या उन्हाळ्यात कुंपणापाशी बिअर पिता पिता तोच म्हणाला होता, "पूर्वी आमचं सोपं होतं गं, व्हर्ना. रशियानं खोडी काढली की सगळे बॉम्ब एकदम टाकायचे. आता पायरीपायरीनं जायचं ठरलंय. आधी त्यांचे तळ, शहरं शेवटी. त्यामुळे समोरच्यावर सारखा डोळा ठेवावा लागतो. बोलतो काय ते सोड. त्यानं आपली माणसं शहराबाहेर हलवली, की समजायचं, वार होणार!"

व्हर्नानं ते डोक्यात पक्कं बसवलं. रशियानं क्युबात क्षेपणास्त्रं आणल्याच्या बातम्या सुरू झाल्यापासून ती रेडिओपेक्षा शेजारचं घरच जास्त बघायची. लाइल तर घरी फिरकतच नव्हता.

"मॅक्सीन हलली की आपणही हलायचं," तिनं नवऱ्याला बजावलं होतं.

डेल हसला होता. "ती? लिपस्टिक लावल्याशिवाय ती फाटकापर्यंत जात नाही. युद्धालाच थांबावं लागेल!"

आता मॅक्सीन निघाली होती. लिपस्टिक लावून.

व्हर्नानं डेलच्या ऑफिसला फोन केला.

"साहेब सकाळीच बाहेरच्या कामाला गेलेत. कुठं ते नाही सांगितलं, मॅडम."

थांबायला वेळ कुठं होता? लहानग्या लेकीला, पॅट्सीला मागच्या सीटवर बसवून, दोन ब्लँकेटं आणि हाताला लागले ते डबे टाकून तिनं मॅक्सीनच्या मागे गाडी काढली. सुरक्षित जागा तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार!

"डॅडी?" पॅट्सीनं विचारलं.

"येतील गं मागून."

पहिला बॉम्ब वॉशिंग्टनवरच पडणार, आणि डेलला ती तिथंच सोडून चालली होती. सकाळी करपलेल्या टोस्टवरून ती त्याच्यावर खेकसली होती. तो बिचारा तिच्या कपाळाचा मुका घेऊन गेला होता. गाडी परत वळवावी असं तिला पुन्हा पुन्हा वाटलं. पण मागे पॅट्सी होती.

डोंगर लागले. झाडीतल्या एका मोटेलसमोर मॅक्सीन थांबली. तिनं हॉर्न दिला, तसं एका खोलीचं दार उघडलं.

पॅट्सीनं टाळ्या पिटल्या. "मम्मी, बघ ना! डॅडी आपल्या आधीच पोचले!"