मार्फाच्या मागे

येफिमची दुनळी बंदूक स्वस्तातली, पण दणकट. चिखलात पडो की बर्फात, बार उडणारच. नेम मात्र येफिमचाच होता ना!

"या मोसमात एकही रानबदक घरी आलं नाही, तर बंदूक विकून शेळी आणीन," बायकोनं, क्लावदियानं, बजावलं होतं.

येफिमनं घरची बदकीण मार्फा दोरीनं बांधून तळ्यात सोडली. तिच्या हाकांना भुलून रानातला नर आला. धाड! धाड! नराचं पीससुद्धा हललं नाही. तो निवांत मार्फाला चिकटून पोहत राहिला. शेवटी मार्फाला काखोटीला मारून येफिम तोंड पाडून घरी परतला.

क्लावदिया फाटकातच हसत सुटली.



"नाही विकत बाबा तुझी बंदूक! पण तुझ्या मागून चालत आलेल्या या जावयाचं आता सूप कसं करू?"