फूटभर माती

मातीतलं आबांइतकं कुणालाच कळत नाही, असं चाळीसगावाकडचे शेतकरी म्हणत. आणि कुणी म्हटलं नाहीच, तर आबा स्वतः म्हणत. त्या सकाळी वीटभट्टीवाला ओट्यावर येऊन वावरातली वरची फूटभर माती मागू लागला, तेव्हा आबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "बठ्ठा जीव वरला थरमा ऱ्हास, भाऊ. एक डाव तो खरडी टाका का दहा वरीस तठे काहीच उगत नही." सून मेघा दारात उभी राहून ऐकत होती.

दुपारी आबा तिला घेऊन धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलाला असल्या गोष्टींची लाज वाटते, म्हणून ही कामं आबाच बघत.

"गर्भाशयाच्या आतला थर खरवडून गेलाय, भिंती एकमेकींना चिकटल्यात," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाल्या. "दिवस राहणं अवघड, आणि राहिलेच तर बाळंतपणात हिच्या जिवाला धोका. पिशवी किती वेळा साफ केली होती?"

"तीनदा," मेघा म्हणाली. "तिन्ही वेळा मुलगी होती. आबांनी स्वतः गाडी करून नेलं होतं."

आबांनी घसा खाकरला. "मांगलं ऱ्हाऊ द्या, बाई. नातू कधी व्हई, तेवढं सांगा."

"डॉक्टरांना काय विचारता, आबा?" मेघा हळूच म्हणाली. "सकाळी भट्टीवाल्याला सांगितलंत, तेच त्यांनाही सांगा."