दोन मिनिटांत भाषा

बैठकीत मुख्याध्यापकांनी शिक्षकांचं मत विचारलं. इंग्रजी आता मोबाइलवर, दोन-दोन मिनिटांच्या छोट्या धड्यांतून शिकवायचं का?

इंग्रजीचे जुने सर ताडकन उठले. "भाषा काय औषधाची गोळी आहे, तीन वेळा पाण्याबरोबर गिळायला? दोन मिनिटांत माझा खडूसुद्धा झिजत नाही!"

सगळे खो-खो हसले आणि विषय तिथेच बारगळला.

त्याच वर्षी सरांना मेंदूचा झटका आला. हातपाय शाबूत राहिले, पण डोक्यातले शब्द फळा पुसावा तसे पुसले गेले. "एका वेळी एकच शब्द शिकवा. दोन मिनिटांच्या वर ताण नको," डॉक्टरांनी बजावलं.

लेक मोबाइलवर दोन मिनिटांचा गजर लावून पलंगाशी बसली.



"बाबा, काल 'पाणी' जमलं ना? आज माझं नाव."