पंधरा बिघडवलेल्या पाई

मलिंडाने कणकेसारखं पीठ मळायला घेतलं तेव्हा सुविलाच्या हातातलं लाटणं थांबलं.

"अगं, पाव करतेयस की पाई?"

"पाई."

"मग मळतेस कशाला? चरबी पिठात नुसती चोळायची. वीस वर्षं तूच शिकवतेयस ना मला?"

"आणि वीस वर्षं तू मळतेयस. आज मला तुझ्यासारखी करायचीय. वाईट."

दुसऱ्या कुणाला राग आला असता. त्यातून सुविला मलिंडाची नणंद. पण आपल्या पाई रविवारी उपासनेनंतरच्या जेवणात उरतात आणि सोमवारी कोंबड्या खातात, हे तिने केव्हाच मान्य केलं होतं. तिने शांतपणे बाह्या वर सारल्या.

"हो बाजूला. वाईट करायची तर नीट करू."

झालं होतं असं, की गुरुवारी चर्चची शिस्त बघणारे डीकन बेन्युएल बग्गी जोडून मलिंडाकडे आले होते. हवापाणी, दूधदुभतं बोलून झालं आणि मग त्यांनी हॅट गुडघ्यावर ठेवली. आमच्याकडे डीकनने हॅट गुडघ्यावर ठेवली की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

"मलिंडा, तुझ्या पाईच्या ताटल्या रिकाम्या होतात याची तक्रार नाही. त्या रिकाम्या ताटल्या तू सगळ्या बायकांसमोरून मिरवत नेतेस, त्याची आहे. गर्व तो गर्वच, मग तो पाईचा का असेना. प्रभुभोजन पंधरा दिवसांवर आलंय. त्याच्या आत मनातून काढून टाक. नाहीतर मंडळीसमोर गुडघे टेकून कबुली द्यावी लागेल."

मलिंडाने खूप प्रयत्न केला, पण गर्व काही जाईना. प्रार्थनेला डोळे मिटले की रिकाम्या ताटल्याच दिसत. शेवटी तिने ठरवलं, पाईच वाईट करायची. पाई उरल्या की गर्व आपोआप जाईल. रविवारची उपासना या खेपेला तिच्याच घरी होती. उपासनेसाठी घरोघर फिरणारी बाकांची गाडी येऊन अंगणात उभी होती आणि तीस पाई करायच्या होत्या. पंधरा तिने, पंधरा सुविलाने.

मलिंडाच्या पाईंचं पीठ दोघींनी मिळून हात दुखेपर्यंत मळलं. वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी अर्ध्याकच्च्या उतरवल्या. साखर निम्मी घातली. दालचिनी मलिंडा विसरली. म्हणजे डबा समोर ठेवून, त्याच्याकडे दहा मिनिटं बघत विसरली.

"अन्न वाया घालवणंही पापच हं," सुविला म्हणाली.

"वाया कुठे जातंय? तुझ्या कोंबड्या आहेत."

वाफ जायला वरच्या पारीवर चिरा पाडतात. प्रत्येकीची खूण वेगळी. सुविलाच्या दोन आडव्या रेघा, मलिंडाचं गव्हाचं कणीस. मलिंडाच्या हाताने सवयीने पंधराही पाईंवर कणीस काढलं.

"एखादी तरी उरेल ना गं?"

"माझ्या बारा उरतात," सुविला म्हणाली. मलिंडाला धीर आला.

रविवारी तीन तासांची उपासना झाली. बाकांची मेजं झाली, आणि रीतीप्रमाणे आधी पुरुष जेवायला बसले. पाव, चीज, बीटाचं लोणचं, कॉफी आणि पाई. मलिंडा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. बावन्न पुरुषांचे हात सुविलाच्या रेघांवरून पुढे गेले आणि कणसावर पडले.

म्हाताऱ्या योस्टच्या तोंडात चार दात. पहिला घास त्याने इतका वेळ चघळला, की शेजाऱ्याची कॉफी संपली.

"मलिंडाच्या हाताला तोड नाही," योस्ट म्हणाला आणि त्याने दुसरा तुकडा ओढला.

पंधरा ताटल्या रिकाम्या होऊन आत आल्या. सुविलाने एका ताटलीला चिकटलेला तुकडा खरवडून तोंडात टाकला आणि पदराआड हसावं तशी ॲप्रनमध्ये तोंड घालून हसत सुटली.

"अगं, ही माझीच आहे! तीच चिवट, तीच आंबट! वीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाई संपली!"

मलिंडाला हसू येईना. वीस वर्षं तिने फोडी रात्रभर भिजवल्या होत्या, लोण्यासारख्या घोटल्या होत्या, बर्फाच्या पाण्यात हात गार करून पीठ धरलं होतं. कुणासाठी? ती आतून पेटली होती, आणि तिला ते लपवताही येत नव्हतं.

एवढ्यात डीकन बेन्युएल कप भरून घ्यायला आत आले. दाढीत पाईचा चुरा होता.

"मलिंडा, आजची तर नेहमीपेक्षा छान झालीय. पण आज एकही ताटली मिरवली नाहीस, बघितलं मी. गेला ना गर्व?"

"गेला. मुळासकट गेला."

"देवाची कृपा! मग आता कबुली नको."

"हवी," मलिंडा म्हणाली. "पण गर्वाची नाही, रागाची. बाहेर बावन्न माणसं बसलीत, एकाच्याही जिभेला चव नाही. त्यांतल्या एकालाही माफ करायला माझं मन तयार नाही."

बेन्युएल विचारात पडले. राग मनात ठेवून प्रभुभोजनाला बसता येत नाही, आणि बावन्न जणांचा राग म्हणजे मोठंच प्रकरण. त्यांनी दाढीतला चुरा हळूच झाडला.

"बावन्न," ते म्हणाले, "मला धरून की सोडून?"

"धरून," मलिंडा म्हणाली. "तुम्ही तीन तुकडे खाल्लेत."