क्रेनच्या तळघरातले डबे

कंपनीच्या पत्राला ऑरिन पेलनं तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. 'शर्टाला वरून लावायच्या सुट्या कॉलरी आता कुठंच खपत नाहीत. मागणी येते ती फक्त रटलंड गावचे दुकानदार क्रेन यांची. ती पुढंही राहील असं त्यांच्याकडून लिहून पाठवा, नाहीतर तुमची फिरती बंद करावी लागेल.' छत्तीस वर्षं व्हरमाँट राज्य पालथं घातलेल्या विक्रेत्याकडे कंपनीवाले लेखी हमी मागत होते. उत्तर लिहायला त्याचा हातच उठला नव्हता.

आज मात्र तो नमुन्यांची पेटी सावरत क्रेनच्या दुकानात शिरला. गल्ल्यावर म्हातारा टॉबायस क्रेन नव्हता, त्याची मुलगी डॉर्कस होती. दंडाला काळी फीत.

"बाबा गेले, ऑरिनकाका. मंगळवारी दफन झालं."

ऑरिननं डोक्यावरची हॅट काढली. मग मनातून ओशाळतच त्यानं कंपनीच्या पत्राचं सांगून हमीचं विचारलं.

"द्या, मी करते सही," ती म्हणाली. "नेहमीचे कॉलरींचे बारा डबे ना?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "तुझ्या बाबांना मालाची पारख होती, पोरी. बाकीचे दुकानदार मला हसतात. म्हणतात, पेल, शर्टाला कॉलर शिवूनच येते हल्ली. तू झोपला होतास का?"

डॉर्कस हसली नाही. "फक्त माल जरा उशिरा पाठवा. तळघरात जागा करावी लागेल."

"चल, मी हात लावतो."

ती नको नको म्हणेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा.

खाली भिंतीला लागून छतापर्यंत त्याचेच डबे होते. एकाचीही दोरी सुटलेली नव्हती. सगळ्यांत तळाच्या डब्यावरची तारीख त्यानं वाकून वाचली. अकरा वर्षांपूर्वीची. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"ते म्हणायचे, ऑरिन आला की दिवस बरा जातो," डॉर्कस पायरीवरून म्हणाली. "मला बजावून गेलेत, त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. आणा तो कागद."

त्यानं कागद दिला नाही. तिचा हात क्षणभर हातात धरला आणि तो बाहेर पडला.

पोस्टातल्या उंच मेजाशी उभ्याउभ्याच त्यानं उत्तर लिहिलं, पाकिटावर तिकीट लावलं आणि पाकीट टपालपेटीत सोडलं. आत दोनच ओळी होत्या : 'रटलंडला गेली अकरा वर्षं कॉलरींना गिऱ्हाईक नाही. माझी फिरती बंद करावी.'